वासुदाजींची बाव

पाणी दाखवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीवरून फिरतं आणि नारळ उभा राहिला की तिथे पाय आपटतं. कोणी झाडाची बेचकी धरून चालतं. हल्ली एकजण वायरी जोडलेली पेटी घेऊन येतो, पेटी वाजली की खूण करतो आणि चहा मागतो. आमच्या वासुदाजींकडे यातलं काही नव्हतं. त्यांच्याकडे जुन्या लुगड्यांच्या चिंध्या होत्या आणि कायम वर केलेली मान होती.

मान वर, म्हणून पाय कुठे पडतो याचा पत्ता नसायचा. उजव्या अंगठ्याला बारा महिने फडकं बांधलेलं. त्यांची बायको राधाकाकी म्हणायची, "हेंका वाटेत वाघ गावलो तरी हे आधी थयला झाड बघतले." दाजी हसायचे आणि पुन्हा वर बघत चालू लागायचे.

मसुऱ्याच्या वाटेवर आमचं गाव. खालची वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, वरची वाडी चढ संपतो तिथे, सड्याला, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळाला, लागून. मी वरच्या वाडीची सून. माहेर सावंतवाडीचं. माहेरी नळ उघडला की पाणी, आणि सासरी पाण्याला जायचं म्हणजे शंभरावर पायऱ्या उतरून व्हाळाजवळच्या विहिरीवर. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, दिवसातून पाच खेपा. लग्न ठरवताना मुलाची नोकरी बघितली, घर बघितलं, पाणी बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. दाजी खालच्या वाडीतले. पहिल्यांदा भेटले ते मी चढावर मध्येच टेकले होते तेव्हा. वर बघत येत होते, माझ्या कळशीला अडखळले, सगळं पाणी सांडलं. मी रडकुंडीला आले. त्यांनी काही न बोलता कळशी उचलली, खाली गेले आणि भरून वर घरापर्यंत आणून दिली. सासूबाई बघतच राहिल्या.

विहिरीची जागा बघायला त्यांना लांबलांबून बोलावणं यायचं. पण पावसानंतर लगेच बोलावलं तर यायचे नाहीत. म्हणायचे, "आता सगळीच झाडां श्रीमंत. चैत येवंदे, मगे कळतला कोणाच्या घरात काय आसा ता." लोकांना घाई असायची. दाजींना नसायची.

त्यांची पद्धत अशी. मार्गशीर्षात यायचे आणि त्या जमिनीतली एकाच जातीची, साधारण एकाच घेराची झाडं हेरायचे. बहुतेक वेळा किंजळ, कारण ती आमच्याकडे कुठेही असते. प्रत्येक खोडाला लुगड्याची एक पट्टी बांधायचे. माघापासून दर आठ दिवसांनी फेरी. जे झाड पानं झडून उघडं पडलं त्याची पट्टी सोडायची. शेवटी ज्या झाडाची पट्टी राहील, त्याच्या मुळाशी पाणी. राधाकाकी करवादायची, "माझी सगळी लुगडी झाडांक नेसवल्यान. माका एक धड ठेवूक नाय."

मी एकदा विचारलं होतं, "दाजी, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, मग एक किंजळ माघातच उघडी पडते आणि दुसरी चैत्रापर्यंत हिरवी, असं का?"

दाजी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, दगडी गडग्यावर बसले, विडी काढली, पेटवली नाही. "बाय, पान म्हंजे झाडाचा तोंड. थयसून पाणी भायर जाता. मुळाक पाणी गावता तोपर्यंत झाड तोंड उघडा ठेवता. गावना नाय झाला काय, पानां टाकता आनि गप बसता. लोकांका वाटता झाड मेला. मराक नाय. जीव राखूक ता गप रवता."

"आणि आंबा? तो तर कधीच उघडा पडत नाही."

"आंब्याक इचारूचाच नाय. तो बारा म्हयने हिरवो. तेच्या तोंडार काय दिसना नाय. किंजळीक किंजळीवांगडाच बघूचा."

नंतर मी अंगणवाडीत लागले तेव्हा हे सगळं मुलांना सांगत आले. पुस्तकात जरा वेगळ्या शब्दांत आहे, पण गोष्ट तीच आहे.

दाजींची एक गंमत सांगते. शेजारच्या कट्टा गावात एका मुंबईकराने निवृत्त होऊन बंगला बांधला. दारात सागवान होता, बापाच्या हातचा. तो एका वर्षी पौषातच झडला. घरात हलकल्लोळ. कोणी म्हणालं रोग, कोणी म्हणालं शेजाऱ्याने काहीतरी केलं. औषधं फवारली, गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. शेवटी दाजींना नेलं. हे पहिल्यांदाच वर न बघता खाली बघायला लागले. सगळ्या आवाराला खोडापर्यंत फरशी लावलेली, पावसाचं पाणी थेट गटारात. दाजी मुंबईकराला म्हणाले, "तुमका कोणी तोंडार फडको बांधून ठेवलो तर काय करशात?" तो गृहस्थ रागावला. पण बायकोने दुसऱ्या दिवशी माणूस लावून खोडाभोवतीची चार हात फरशी उखडून टाकली. पुढच्या वर्षी सागवानाने शिमग्यापर्यंत पानं धरली. तेव्हापासून ती बाई दर आंब्याच्या दिवसांत दाजींकडे एक पेटी पाठवायची, आणि दाजी ती वाटून टाकायचे.

आता मुद्द्यावर येते. आतापर्यंत इकडचं तिकडचं सांगत बसले, कारण मुद्दा माझ्याच अंगावर येतो.

माझी थोरली लेक सात महिन्यांची होती, त्या वर्षी वरच्या वाडीने ठरवलं की आपल्याला आपली विहीर हवी. जागा दाजी दाखवतील, खणणं वाडीतली माणसं करतील, घरटी एक. दाजींनी मार्गशीर्षात नऊ किंजळींना पट्ट्या बांधल्या. आठ इकडे-तिकडे, उतारावर, आणि त्यातली एक अर्ध्या चढावर, दोन्ही वाड्यांच्या मधल्या वळणावर. नववी आमच्या खळ्याच्या कडेला.

आमचं घर नवीन, वर पत्रे. माघातच आत भट्टी पेटायची. मी लेकीची झोळी त्या खळ्यातल्या किंजळीला बांधायचे आणि सावली जाऊ नये म्हणून धुण्याचं, भांड्यांचं शेवटचं पाणी झाडाच्या मुळात ओतायचे. रोज दोन कळश्या, कधी तीन. न्हाणीचं पाणी पलीकडे माडाला जायचं, त्यामुळे किंजळीला पाणी मिळतंय असं कोणाला वाटायचं नाही. माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं. पोरीला ऊन लागू नये, एवढंच.

दाजींच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकेक पट्टी सुटू लागली. फाल्गुनाच्या शेवटी दोनच उरल्या, वळणावरची आणि आमची. गुढीपाडव्याला वळणावरची झडली. आमची हिरवीगार.

त्या दिवशी दाजी आले आणि झाडाभोवती तीन-चार वेळा फिरले. न्हाणीचा पाट बघितला, तो कुठे जातो ते बघितलं. सड्याला इतक्या जवळ किंजळ चैत्रात हिरवी, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. मी नुकतीच चढ चढून आले होते. हंडा डोक्यावरच होता, मान दुखत होती, झोळीत पोर रडत होतं. दाजींनी विचारलं, "बाय, हय कोण पाणी घालता काय?"

मी म्हटलं, "नाय."

एवढंच. माहेरी घरात पुस्तकी बोलणं, म्हणून माझ्या तोंडून तेव्हा मालवणी फारशी यायची नाही, तो शब्द मात्र अगदी इथल्यासारखा आला. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की हो म्हटलं तर विहीर वळणावर जाणार, आणि नाही म्हटलं तर विहीर माझ्या दारात. अर्धा चढ की दार. दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी त्यांची सुनेसारखी, माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. मागे वाडीतली माणसं जमली होती, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी किंजळीच्या खोडावर हात ठेवला. "हय."

विहिरीच्या तोंडावरच झाड येत होतं, म्हणून देवाला गाऱ्हाणं घालून आधी किंजळच तोडली. माझ्या पोरीची सावली अशी पहिल्याच दिवशी गेली. वरची दोन हात माती ओली निघाली. माणसं खूश. दाजींनी ती माती मुठीत घेऊन सगळ्यांना दाखवली. मी घरात जाऊन चुलीसमोर बसले. ती ओल कोणाची आहे, हे फक्त मला माहीत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा दोन हातांचाच खड्डा होता.

पुढे जांभा लागला, मग काळा कातळ. सुरुंग लावले. दीड महिना वाडीतली माणसं खणत होती. माझ्या नवऱ्याच्या तळहातांची साल निघाली होती, रात्री मी तेल लावायचे आणि तो म्हणायचा, "तुझ्यासाठीच चाललंय सगळं." चाळीस हातांवर खणणं थांबलं. खाली कोरडा दगड. ठिणगी उडेल असा.

दाजी रोज काठावर बसायचे. शेवटच्या दिवशी ते आत उतरले. तळाला बराच वेळ हात लावून बसले. वर आले तेव्हा कोणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पावसात तो खड्डा भरतो आणि दिवाळीनंतर रिकामा होतो. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात; त्याला नाव पडलं, वासुदाजींची बाव. पुढे त्याची म्हणच झाली. कोणी आश्वासन दिलं आणि पाळलं नाही की, "वासुदाजींची बाव काय रे ही?" निवडणुकीला कोणी उमेदवार रस्ता करून देतो म्हणाला की पोरं मागून म्हणायची, "खणा, खणा, वासुदाजींची बाव." ज्यांना त्या नावामागचा माणूस कोण तेही माहीत नव्हतं, ती पोरंसुद्धा म्हणायची. आणि मी हंडा घेऊन त्या खड्ड्याच्या कडेने जात-येत राहिले, खाली व्हाळाकडे, आधीसारखीच.

दाजींनी पाणी बघणं सोडलं. बोलावणं आलं तर सांगायचे, "मशीनवाल्याक बोलवा." त्यांचा भाचा दीपक, गुणी मुलगा, शेतीशाळेत शिकलेला, दोन वर्षांनी त्यांच्याकडे आला. म्हणाला, मामा, मला शिकवा, मी सगळं लिहून ठेवतो. दाजींनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "खोट्या इद्येत कित्याक पडतंस? मुंबयक जा." तो गेला. हे मला राधाकाकीने विहिरीवर सांगितलं. सांगताना ती माझ्या हंड्याला हात लावून तो डोक्यावर चढवत होती. मला तो हंडा पेलवेना.

सांगायचं मी कितीदा ठरवलं. पण आधी सासूबाई, मग नवरा, मग वाडी. चाळीस माणसांनी दीड महिना कातळ फोडला तो माझ्या एका शब्दावर, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग पोरं मोठी झाली, मी अंगणवाडीची बाई झाले, लोक मान देऊ लागले, आणि सांगणं आणखी कठीण झालं. उशीर केला की गोष्ट सोपी होते असं म्हणणाऱ्याने कधी उशीर केलेला नसतो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. अंगणवाडीसमोरची सावर माघात झडली. मुलांनी विचारलं, बाई, झाड टकलं का झालं? रस्त्याने दाजी चालले होते. मी मुलांना म्हटलं, जा, त्या आजोबांना विचारा, त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मुलं धावली. दाजी थांबले. मला वाटलं आता गडग्यावर बसतील, विडी काढतील. ते म्हणाले, "माका काय कळना नाय रे बाबांनू. बाईक इचारा." आणि गेले. मुलं परत माझ्याकडे आली.

त्याच आठवड्यात कट्ट्याच्या बस थांब्यावर ते भेटले. दुपार होती, थांब्यावर आम्ही दोघंच. त्यांच्या हातात औषधांची पिशवी. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. झोळी, कळश्या, पाडवा, "नाय." सांगताना त्यांच्याकडे बघितलं नाही. समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत बोलले.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "कितके कळशे?"

"दोन. कधी तीन."

"साबणाचा पाणी?"

"व्हय."

"म्हंजे झाडान माका खोटा सांगूक नाय."

मी मान हलवली.

"अठरा वर्सां, बाय. अठरा वर्सां मी झाडांक खोटी म्हटलंय. दीपकाक परत धाडलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझी मान दुखा होती, ता माका दिसा होता. मीय माती उकरून बघूक होयी होती. सगळी बघीत होती, माका मान होयो होतो." आणि मग एकदम माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "ह्या माका सांगलंस, बरा झाला. आता चार माणसांत सांग. माका दुसरा काय नको. त्या खड्ड्याक लागलेला माझा नाव काढून टाक."

मी शब्द दिला, "सांगतलंय."

एसटी आली. त्यांना चढायला मी हात दिला, त्यांनी तो घेतला.

त्या वैशाखात नळयोजनेच्या विहिरीसाठी देवळात बैठक बसली. दाजी ती बैठक झाल्यावर पावसाच्या तोंडाला वारले. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. आज नळाला एक दिवस आड पाणी येतं. लेक पुण्याला आहे, तिला हे मी अजून सांगितलेलं नाही, ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल. त्या बैठकीचंच सांगायचं राहिलं आहे.

दाजी कित्येक वर्षं बैठकीला येत नसत. त्या दिवशी आले. धुतलेला सदरा, नवी टोपी. सभामंडपात खांबाला टेकून बसले, बायकांची बाजू समोर दिसेल अशा जागी. पेटीवाल्याने दाखवलेली जागा सरपंचांनी सांगितली. वळणावरची. जिथे पाडव्यापर्यंत लुगड्याची पट्टी होती, तीच. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं. त्या अख्ख्या मंडपात त्या जागेचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता.

मागून एक पोरगा म्हणाला, "बघा हां, परत वासुदाजींची बाव होता नये."

सगळे हसले. सासूबाई हसल्या. माझा नवरा हसला. ज्याचं नाव घेतलं तो माणूस समोर बसला आहे हे लक्षात येऊन काहीजण गप्प झाले, पण हसू आधीच सगळीकडे पसरलं होतं. दाजी हलले नाहीत. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखे बसले होते.

मी साडीचा पदर सारखा केला. शब्द जिभेवर होता, खरंच होता. पुढे सासूबाईंची पाठ दिसत होती, आणि नवऱ्याचे हात, मांडीवर ठेवलेले.

सरपंचांनी वही मिटली. "आनखी कोणाक काय बोलूचा आसा?"

कोणी बोललं नाही. पंखा फिरत होता. दाजींनी थोडी वाट बघितली. मग तेच म्हणाले, "नाय. कोणाक काय नाय." आणि खांबाला धरून उठले.

पायऱ्यांखाली चपलांचा ढीग होता. त्यात त्यांना त्यांच्या चपला लवकर सापडेनात. एक उचलायचे, बघायचे, खाली ठेवायचे. मी आत बसून त्यांची पाठ बघत होते. माणसं अजून उठली नव्हती, सगळी तिथेच होती. दाजींना दुसरी चप्पल सापडली, त्यांनी ती पायात घातली आणि ते गेले.